दुधासोबतची गोळी

नूतनचं रक्त काही केल्या वाढत नव्हतं. चौथ्या महिन्यात आठ होतं, सहाव्यात साडेसात झालं, आणि सातवा सरत आला तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनं कार्डावर सात पॉइंट एक लिहिलं आणि पेन तसंच हातात धरून प्रमिलाबाईंकडे पाहिलं.

"गोळ्या देता ना सुनेला? की आमच्या गोळ्या तुमच्या उकिरड्यावर जातात?"

रांगेतल्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला. गोळी त्या नुसती देत नव्हत्या, आपल्या हातानं देत होत्या. दुपारचं जेवण झालं की पाकिटातून लाल गोळी काढायची, नूतनच्या तळहातावर ठेवायची आणि वर पेलाभर सायीचं दूध. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात डेअरीला दूध घालणारी घरं पुष्कळ होती. पण सुनेसाठी पेलाभर दूध आधी बाजूला काढून मग कॅन भरणारी सासू त्या एकट्याच. त्यांचे यजमान झुलाल आबा एकदा म्हणालेही होते, "मले चहामा टाकाले दूध नही, आनि सूनले पेला भरीसन!" त्यावर प्रमिलाबाईंनी त्यांना चार दिवस कोराच चहा दिला होता.

एवढं करण्याला कारण होतं. नूतनचं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. दीड किलोचा जीव. रडायचा तोही मांजराच्या पिल्लासारखा. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, आईच्या अंगात रक्तच नव्हतं, बाळाला कुठून मिळणार? ते वाक्य प्रमिलाबाईंच्या डोक्यात घर करून बसलं होतं. या खेपेला त्यांनी लोखंडी कढई घासून काढली, तिच्यात पोकळ्याची भाजी शिजवली, बाजरीच्या भाकरीसोबत गूळ दिला, शेवग्याचा पाला वाटून पिठात मळला. आणि तरीही सात पॉइंट एक.

घरी येईपर्यंत सिस्टरचे शब्द त्यांच्या मनात कुजत राहिले. आपण देतो हे खरं. पण पोरगी गिळते कशावरून? नूतन जळगावची, मेहरूणमध्ये वाढलेली. खाण्यापिण्याचे नखरे तिचे पहिल्यापासूनच. पहिल्या महिन्यांत गोळीनं मळमळतं म्हणून तोंड वाकडं करायची.

दुसऱ्या दिवशी गोळी आणि दूध देऊन झाल्यावर प्रमिलाबाई हलल्या नाहीत.

"तोंड उघाड."

"काय?"

"तोंड उघाड म्हंतस ना. जीभ उचल."

नूतन त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. जीभ उचलली, डावीकडे केली, उजवीकडे केली. ओठ, जीभ, हिरड्या सगळं खडूसारखं पांढरं. गोळी कुठंच नव्हती.

"गिळली मी, आई."

"गिळी तर रक्त का बरं नही वाढत?"

"मला काय माहीत?" मग हळूच, "हेमांगीताई म्हणत होत्या, लिंबाच्या पाण्यासोबत घे. दूध-चहा दोन तास मागे-पुढे नको."

हेमांगी म्हणजे गावची आशाताई, पंचविशीची पोर. तिला अजून मूल नव्हतं. लिंबाच्या पाण्याचं हे नूतननं प्रमिलाबाईंना आधीही एकदा सांगितलं होतं, चौथ्या महिन्यात.

"लिंबू! आधीच उलट्या करी करी अर्धी व्हयी गयी तू. पोटात जाळ होईल. त्या हेमांगीला काय कळतं, तिचा पाळणा हलू दे आधी." आणि मग आवाज मऊ करून, "दूध आंगले लागस, पोरी. गोळी गरम राहस, दूध तिले थंड करस."

नूतननं पेल्यातलं उरलेलं दूध संपवलं. त्यानंतर रोज ती न सांगताच तोंड उघडून दाखवू लागली. ओसरीवर कोणी बसलेलं असलं तरी. शेजारची बेबाबाई एकदा म्हणाली, "काय व अक्का, दात मोजस का सूनना?" प्रमिलाबाई हसल्या नाहीत. नूतनही हसली नाही.

आठव्याच्या सुरुवातीला सिस्टरनं धुळ्याला पाठवलं. नूतनच्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, कामावर सुट्टी टाकली, तिघं एसटीनं गेली. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं नूतनच्या पापण्या ओढून पाहिल्या, रिपोर्ट पाहिला. सहा पॉइंट आठ.

"गोळ्या घेते का?"

"एक नागा नही," प्रमिलाबाई पुढं सरसावल्या. "मी स्वतः देते. समोर उभी राहून. दूध देते वर पेलाभर, घट्ट."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

"दुधासोबत देता? रोज?"

"रोज. मग तोंडाची चव जाते म्हणून घोटभर चहा."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती लहान मुलाला समजवावं तशी सांगू लागली. या गोळीचं आणि दुधाचं जमत नाही. चहाचं तर मुळीच नाही. गोळी पोटात जाते, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं, बाकी बाहेर पडतं. हिचं रक्त एवढ्यानंच उतरलं असं नाही, आधीपासून कमी असेल, तपासू. पण चार महिन्यांत चढायला हवं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

प्रमिलाबाईंनी नूतनकडे पाहिलं नाही.

"सांगितलं होतं," नूतन म्हणाली. "मलाच दूध आवडतं. माझंच चुकलं."

योगेंद्र चिडून म्हणाला, "कमाल आहे तुझी!" आणि प्रमिलाबाई गप्प बसल्या. त्या एका क्षणाला गप्प बसल्या, आणि मग बोलायची वेळ निघून गेली.

सलाईनमधून लोह द्यायचं ठरलं, पाच खेपांत. दोनच झाल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी सकाळी नूतनला कळा सुरू झाल्या, दीड महिना आधी. धुळ्याला पोचेपर्यंत गाडीतली चादर भिजली होती. मुलगी झाली, सोळाशे ग्रॅमची. तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. नूतनचं रक्त थांबेना. दोन पिशव्या चढवल्या, तिसरीसाठी योगेंद्र रक्तपेढीकडे पळाला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आई वाचली. बाळाचं विचारलं तर म्हणाले, बघू.

चौथ्या दिवशी जळगावहून नूतनची आई आली, द्रौपदाबाई. पोरीच्या उशाशी बसली, तिचे केस मागे सारले आणि रडत रडत बोलायला लागली.

"लहानपणापासून अशीच तू. गोळी दिली की गादीखाली. जावयांनी सांगितलं मला फोनवर, दूध आवडतं म्हणे! स्वतःच्या जिवाशी खेळलीस, लेकराच्याही. त्या पेटीतल्या जिवानं काय केलं होतं गं तुझं?"

नूतननं भिंतीकडे तोंड फिरवलं.

प्रमिलाबाई पायथ्याशी उभ्या होत्या. ऐकवेना आणि हलवेनाही. अखेर त्यांनी पलंगाची दांडी धरली.

"तिले बोलू नका. तिनं एक गोळी चुकवली नाही. तिनं सांगितलं होतं, दूध नको. मीच ऐकलं नाही. मी दिधं दूध. वर रोज तिचं तोंड उघडायला लावलं. चोरासारखं."

योगेंद्र दारात होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

द्रौपदाबाईंनी डोळे पुसले. त्या भांडतील असं प्रमिलाबाईंना वाटलं होतं. भांडल्या नाहीत.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही घरी जा आता. लेकरू पेटीतून येईल तेव्हा येईल. आलं तर. पोरीला इथं मी बघते, आणि मग मेहरूणला नेते."

प्रमिलाबाई थांबल्या. नूतन एक शब्द बोलली असती, आई, थांबा, तर त्या जमिनीवर पथारी टाकून महिनाभर राहिल्या असत्या. नूतनचे डोळे मिटलेले होते. ती झोपलेली नव्हती. पापण्या हलत होत्या.

त्या दिवशी डॉक्टरणीसमोर तिनं आपल्याला सांभाळून घेतलं होतं. आज सांभाळायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. पेटीच्या खोलीच्या दारावर आत येऊ नये अशी पाटी होती. त्यांनी काचेला कपाळ लावलं. चार पेट्या होत्या, चारही बाळांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. आपली कोणती, ते त्यांना ओळखता येईना, आणि विचारायला आत कोणी दिसत नव्हतं.