वड्यांचा ट्रक

आमच्या ह्यांना गप्प बसता आलं असतं, तर आमचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. पण निवृत्ती पगारे पडले समजावून सांगणारे. भाजीवाली पालकाचा भाव सांगते, तर हे तिला पालकात लोह किती असतं ते सांगतात. मी शाळेत दिवसभर वर्गभर पोरांपुढे घसा कोरडा करून घरी यावं, तर इथे मी विद्यार्थिनी.

एक्क्याऐंशी साली ह्यांच्याकडे समजावून सांगायला एकच विषय होता, मैला. सिव्हिलचा डिप्लोमा करून हे एका इंधन योजनेत रोजंदारीवर लागले होते. नाशिक रोडच्या कॉलन्यांमधल्या संडासांच्या टाक्या आणि खड्डे उपसायचे, तो गाळ गावाबाहेरच्या आवारात वाळूच्या वाफ्यांवर पसरायचा, महिनोन्‌महिने उन्हात कडकडीत वाळू द्यायचा, मग त्यात कोळशाची भुकटी आणि भाताचा तूस कालवून लोखंडी साच्यात दाबायचा. त्या काळ्या चौकोनी तुकड्यांना ह्यांनी नाव दिलं होतं वड्या. तेव्हापासून आमच्या घरात खोबऱ्याची वडी झालेली नाही.

पण खोटं कशाला बोलू, वड्या जळायच्या छान. वास नाही, धूर बेताचा, निखारा लाकडापेक्षा जास्त वेळ टिकायचा. एकदा हे दोन वड्या पिशवीत घालून घरीच घेऊन आले, शेगडीत ठेवल्या आणि म्हणाले, "टाक चहा." मी म्हटलं, "आधी ती शेगडी बाहेर टाका." रॉकेलच्या रांगेत उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडायचे, तरी त्या शेगडीवर मी चहा केला नाही. ह्यांना त्याचं वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण केला नाही तो नाहीच.

योजना चालवणाऱ्या सरपोतदार साहेबांनी ह्यांना शब्द दिला होता. एक ट्रक वड्या वीटभट्टीला जाऊ द्या, त्यावर भट्टी नीट लागू द्या, की तुम्हाला कायम करतो आणि ऑफिसात नकाशाच्या टेबलावर बसवतो. ट्रक गेला नाही तर योजना महिनाअखेर बंद, आणि हे घरी. ह्यांचा जीव त्या टेबलात अडकला होता. त्यांच्याइतकाच माझाही.

आणि आबांचाही. आबा म्हणजे माझे सासरे, धोंडीराम. वणीजवळच्या एका खेड्यात राहायचे. तरुणपणी गावची मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्या वाट्याला होतं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारात जाऊन सांगून आले, आजपासून तुमचं ढोर तुम्ही ओढा. गावाने मजुरी बंद केली, दळण बंद केलं. आबांनी रस्त्यावर खडी फोडली, पण पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. त्या खडीवर ह्यांचा डिप्लोमा झाला. पोरगा नाशकात नकाशे काढतो, असं आबा गावात सांगायचे. आम्ही ते कधी खोडलं नव्हतं.

ट्रक भरायच्या दिवशीच आबा एसटीने आले. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, डोक्याला खास नाशिकसाठी बांधलेला फेटा. सरळ ह्यांच्या ऑफिसात गेले, तिथल्या शिपायाने सांगितलं, पगारे आवारात असतात. तिथून शोधत शोधत माझ्या शाळेत. "सूनबाई, चल, त्येचं काम बघायचंय मला." मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. रिक्षात बसताना मनाशी म्हटलं, आजचाच दिवस तर आहे. उद्यापासून टेबल.

आवारात पोचलो तर ट्रक अर्धा भरून उभा होता आणि भट्टीवरून आलेले हमाल लिंबाखाली बसून मातीने हात चोळत होते. काय झालं असेल ते मी फाटकातच ओळखलं. एका हमालाने सहज विचारलं होतं, साहेब, कसला कोळसा हा, हलका लागतोय. झालं! ह्यांनी टाकीपासून सुरुवात केली. गाळात पाणी किती, जंतू कशाने मरतात, सगळं सगळं. तो हमाल तिथेच ओकला. एवढं बोलायची काय गरज होती, सांगा मला. दगडी कोळसा म्हणाले असते तर आकाश कोसळणार होतं का?

"शेण असतं तर उचललं असतं साहेब," हमालांचा मुकादम म्हणाला. "हे आमच्यानं व्हायचं नाय."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. उन्हं कलेपर्यंत थांबतो, मग जसा आहे तसा जातो, म्हणाला. अर्ध्या मालावर भट्टी लागणार नव्हती. मग हे स्वतःच पाट्या भरायला लागले. साहेब येणार म्हणून मी कडक इस्त्री करून दिलेला शर्ट घामाने आणि काळ्या भुशाने अंगाला चिकटला होता. आम्हाला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

आबा वाफ्यांकडे बघत राहिले. "हे काय हाय, सूनबाई?"

"वाळवलेला गाळ आहे, आबा. टाक्यांमधला."

"संडासातला?"

"आता त्याचा कोळसाच झालाय," मी म्हटलं. "आजचा ट्रक गेला की त्यांना टेबल मिळतंय. नाही गेला तर नोकरी जाते."

आबांनी फेटा सोडला, त्याची गुंडाळून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. ह्यांनी तेव्हा वर पाहिलं. "आबा! आबा, तुम्ही नका."

"सर बाजूला. तुझ्या बोटांनी पेन्शिल धरायची हाय."

मी पदर खोचून पुढे झाले तर माझ्यावरही डोळे वटारले. "तू लांब ऱ्हा, पोरी. उद्या पोरांच्या वह्यांना हात लावायचाय तुला."

त्यांनी पाटी उचलली. पंचवीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याच्या घाणीला हात लावला नव्हता, तो वड्यांच्या ढिगापासून ट्रकपर्यंत ताठ चालत होता. फळीवरून चढायचा, पाटी रिकामी करायचा, परत यायचा. लिंबाजवळून जाताना हमालांनी आपला पाण्याचा माठ मागे ओढून घेतला. मला त्या हमालांचा संताप आला, ऑफिसाचा आला, नवऱ्याचा तर फारच आला. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि रडले.

ट्रक भरत आला होता तेवढ्यात जीप आली. सरपोतदार साहेब रुमाल नाकाला लावून उतरले. माणूस वाईट नव्हता, ह्यांच्याशी कधी वाकडं बोलला नव्हता. "वा, पगारे! मला तर कळलं होतं, हमाल बसलेत." मग आबांकडे पाहून म्हणाले, "हे कोण?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं होतं. तेवढ्यात आबा पाटीखालून म्हणाले, "मजूर हाय, साहेब."

मी दोन पावलं पुढे टाकली. आबांनी माझ्याकडे बघून पाटीसकट नुसती नको म्हणून मान हलवली. मी थांबले आणि ह्यांच्याकडे पाहत राहिले.

"बघा," साहेब म्हणाले, "म्हणजे माणसं मिळतात. कोणाच्या डोक्यावर पाटी नको म्हणून तुम्ही उगाच ढकलगाड्यांचा हट्ट धरून बसला होतात. यांनाच घ्या रोजावर."

"जी," आबा म्हणाले. हे बुटांकडे बघत उभे होते.

ट्रक गेला. आबांनी आवारातल्या नळावर अंग धुतलं, फेटा तिथेच टाकून दिला आणि घरी न येता उघड्या डोक्याने वणीची एसटी पकडली.

भट्टी झकास लागली. विटा लालभडक निघाल्या, ठोकल्या की खणकन वाजायच्या. साहेबांनी ह्यांना बोलावून कायमची ऑर्डर हातात दिली, पण टेबलाची नव्हे, आवाराच्या पर्यवेक्षकाची. "टेबलावर कोणीही बसेल, पगारे. आवाराला माणूस कुठून आणू? तुमच्या लोकांना या कामाची किळस नसते, हा मोठा गुण आहे." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. ह्यांनी घरी येऊन ते शब्द जसेच्या तसे मला सांगितले आणि जेवले नाहीत.

रविवारी आम्ही गावी गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते. ह्यांनी त्यांना ऑर्डर वाचून दाखवली.

"म्हंजे तिथंच?" आबांनी विचारलं.

"तिथंच, आबा. पण कायम."

"सोडता येत नाय का?"

"सोडून काय करू? दुसरीकडे घेतं कोण?"

आबांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं, हेच मला बघवेना. ते म्हणाले, "मी घेतली पाटी डोक्यावर, त्याचं काय नाय. तुझ्यासाठी घेतली. सायबाला मजूर म्हनलो, तेबी मीच म्हनलो." मग ते ह्यांच्याकडे वळले. "पन मला वाटलं व्हतं निवृत्ती, तू म्हनशील, नाय साहेब, हा माझा बाप हाय."

ह्यांनी ऑर्डरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. शेवटी मीच उठले आणि आबांना पाणी आणायला आत गेले.