कोंबडीचं तोंड कुणाकडे

तैपेईजवळच्या यीलानच्या भातखाचरांत हिवाळाभर पाऊस असतो, आणि नेमकी तेव्हाच वर्षअखेरची साफसफाई येते. बांधावरच्या शाळेत त्या आठवड्यात एकही वस्तू कोरडी नव्हती. मुलांनी बाकं पाण्याच्या पाटावर नेऊन घासली आणि परत आणताना चिखलात टेकवली. मग लाल कागदाच्या पट्ट्यांवर कुंचल्यानं नव्या वर्षाची शुभवचनं लिहिली. ती वाळेनात म्हणून वर्गात दोरीवर टांगली, आणि शाईचे थेंब खालच्या धुतलेल्या बाकांवर टपटपले. शाळा जेमतेम चाळीस पोरांची, पण कल्ला एखाद्या जत्रेचा.

पहिलीच्या बीश्या बाई एरवी अशा वेळी तोंडाचा पट्टा सोडून फिरायच्या. या वर्षी त्या कुणावर ओरडत नव्हत्या. पोरांना आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली.

"बाई, शिवणाची पेटी कुठंय?" निंगनिंगनं विचारलं. सहा वर्षांची ही पोरगी वर्गातली फौजदार होती.

"घरी नेली."

"का?"

"पुसायला."

"इथंच पुसली असती की आम्ही. बाकं नाही का पुसली?"

बाईंनी शाईचे ठिपके पडलेल्या बाकाकडे पाहिलं. "तुमचं पुसणं बघितलं, म्हणूनच नेली."

खरी गोष्ट वेगळी होती. ही शाळा फांग सरांनी आणि बीश्या बाईंनी मिळून एका बंद पडलेल्या भातगिरणीत काढली, त्या दिवशी बाईंनी ती पेटी घरून आणून खिडकीत ठेवली होती. तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती. आता त्यांनी ती नेली, कारण शाळेतून जायची वेळ आलीच तर सगळ्यांसमोर सामान गोळा करत बसायचं नव्हतं. रडूबिडू आलं म्हणजे?

झालं होतं असं, की पहिली-दुसरीत मुलं फार कमी उरली होती. नव्या वर्षापासून दोन्ही वर्ग एक होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग एक, तर बाई एक, हा हिशोब ज्याचा त्यानं मनात केला होता. त्यात फांग सरांचं वागणं. गेले तीन महिने दर बुधवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून कुठंतरी जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. विचारलं की म्हणायचे, "मेजवानीत सांगतो." एवढी वाईट बातमी, की पोटभर जेवल्याशिवाय ऐकवायची नाही! असं बाईंना वाटलं.

दुसरीची बाई पेइरू. वय तिशीच्या आत, पहिलटकरीण, वसंतात दिवस भरणार. नवरा मासेमारीच्या होडीवर, आठवड्यातून दोनदा तोंड दाखवणारा. पोरगी गुणी होती आणि बाईंनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. दोघींत एकीनं जायचं, तर कुणी जायचं, यात बाईंना शंका नव्हती. त्यांची लेक तैपेईला होती, तीही कधीची "आई, इकडे ये" म्हणून मागं लागली होती. जायला जागा होती. जायचं मन मात्र नव्हतं. सकाळी उठून केस विंचरायचे आणि बसची वाट बघायची नाही, हा विचारच त्यांना सोसवायचा नाही.

पण हे सरांना सांगायचं कसं? शेवटी त्यांना कोंबडी सुचली.

वर्षअखेरच्या मेजवानीत अख्खी उकडलेली कोंबडी ताटात येते. जुना रिवाज असा, की मालकानं तिचं तोंड ज्याच्याकडे वळवलं, त्याला नारळ मिळाला असं समजायचं. हल्ली असला दुष्टपणा कुणी करत नाही. कोणी मुंडकंच काढून टाकतात, कोणी तोंड मालकाकडे ठेवतात. बांधावरच्या शाळेत कोंबडी शिजवायचं आणि मांडायचं काम पहिल्या वर्षापासून बीश्या बाईंचं. त्या तोंड सरांकडे करायच्या, सर म्हणायचे, "चला, पुढच्या वर्षी माझी सुट्टी," आणि सगळे दरवर्षी नव्यानं हसायचे.

या वर्षी शनिवारी संध्याकाळी सगळे वर्गातल्या गोल टेबलाभोवती बसले. बाईंनी कोंबडी आणली, टेबलाच्या मधोमध ताटं फिरवायला असलेल्या काचेवर ठेवली आणि तिचं तोंड स्वतःकडे करून आपल्या जागेवर बसल्या.

कुणाच्या लक्षातच आलं नाही. सर पावात मांसाचा तुकडा कोंबण्यात दंग होते. तेवढ्यात बसचे ड्रायव्हर आकुन काका यांनी काच फिरवली. कोंबडी डोलत त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

बाईंनी काच पुन्हा आपल्याकडे फिरवली. "काका, आधी भाजी घ्या."

"भाजी काय रोजचीच आहे," म्हणत काकांनी कोंबडी परत ओढली.

"फिरवू नका म्हटलं ना!"

"अहो, मला हवीय ती इकडे!"

"तंगडी हवी तर तंगडी देते. ताट राहू दे!"

आता मात्र सगळ्यांच्या चॉपस्टिक्स थांबल्या. पेइरूनं कोंबडीचं तोंड पाहिलं, त्याच्यासमोर बसलेल्या बाईंना पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ताई, तोंड तुमच्याकडे का? हे कुणी केलं?"

"मी केलं. तू जेव."

"मुळीच नाही. जायचं तर मी जायचं." तिनं काच धरून आपल्याकडे ओढली. "बाळंतपणात मी घरीच बसणार. तुमची जागा अडवून बसू होय?"

"पोटात लेकरू घेऊन शहाणपण शिकवू नकोस मला. सोड काच."

"नाही सोडत."

बाई एकीकडून, पेइरू दुसरीकडून, आणि काका, का कोण जाणे, तिसरीकडून. काच करकरली, माशाचं सूप सांडलं आणि कोंबडी बिचारी बावचळल्यासारखी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

फांग सरांनी पाव खाली ठेवला. हात लांब केला, कोंबडीचं मुंडकं पिळून काढलं, सरळ तोंडात टाकलं आणि कडाकडा चावलं. चोच तेवढी वाटीत थुंकली.

"हं," ते म्हणाले. "आता बघते कुणाकडे?"

कुणी हसायच्या आत आकुन काका उसळले. "वा रे वा! जाणारा मी, आणि मुंडकं तुम्ही खाल्लंत?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे काय?" बाई म्हणाल्या.

"मी सोडतोय काम. गुडघा गेला माझा, क्लच दाबवत नाही. बदकं पाळणार आहे. सरांना हा पाऊस लागायच्या आधीच सांगितलंय. म्हटलं आज कोंबडी आपल्याकडे वळवावी, सगळ्यांना गंमत म्हणून कळेल. तर या दोघी सोडतील तर शपथ!"

सरांनी हात पुसले. तोंडावर मेजवानीचं तेज नव्हतं, परीक्षेच्या निकालाचं होतं.

"नवा ड्रायव्हर ठेवला तर त्याच्या पगारापायी एका बाईंना जावं लागणार होतं," ते म्हणाले. "म्हणून मीच बस चालवायचं ठरवलं. दर बुधवारी शिकायला जायचो. दोनदा नापास झालो. मागं घेताना खांबच आडवा येतो हो! या बुधवारी पास झालो. वर्ग एकच होईल, पण बाई दोन. पेइरू बाळंतपणाला जाईल तेव्हा बीश्या बाई बघतील, ती आली की दोघी बघाल. एवढीच बातमी."

पेइरू हुंदके देत हसायला लागली. बीश्या बाई मात्र कडाडल्या, तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम.

"आणि हे आधी सांगायला काय जीभ झडली होती तुमची? मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही!"

"नापासच झालो असतो तर? उगाच आशा कशाला लावायची?"

"अहो, आशा नाही तर निराशा तरी नीट सांगायची!" त्या बोलल्या, आणि पुढचे शब्द बारीक झाले. "मला जायचं नव्हतं हो सर. मला कुठंच जायचं नव्हतं."

"माहीत आहे," सर म्हणाले. "म्हणून तर खांबाला धडकत होतो." आणि त्यांनी कोंबडीची तंगडी उचलून बाईंच्या वाटीत ठेवली. दुसरी आकुन काकांना दिली, तेव्हा कुठे काका शांत झाले. खूप दिवसांनी बाई पोटभर जेवल्या. पेइरू तर दोघांचं जेवण जेवली.

सोमवारी सकाळी बाई नेहमीच्या देवळापाशी उभ्या होत्या. बस आली ती गोगलगायीच्या चालीनं. स्टिअरिंग घट्ट धरून फांग सर, आणि त्यांच्या खांद्याशी उभे आकुन काका, "ब्रेक, ब्रेक! अहो, क्लच!" म्हणून ओरडत. मागं पोरं कधी नव्हे ती चिडीचूप, समोरचे दांडे धरून बसलेली. बाई निंगनिंगच्या शेजारी बसल्या आणि छातीशी धरलेली पेटी मांडीवर ठेवली.

बांधाच्या वळणावर बस बंद पडली. सुरू झाली. पुन्हा बंद पडली. निंगनिंगला आता पेटी तपासायला वेळ मिळाला. तिनं झाकण उघडलं, बोट फिरवलं, कोपऱ्यातला खडूचा जुना डाग शोधला.

"बाई, पुसायला नेली म्हणाला होतात."

"हो."

"पण ही तर होती तशीच आहे!"

"होय गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी झाकण अलगद लावलं. "होती तशीच आहे."

निंगनिंगनं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बस हिसका देऊन निघाली, तेव्हा तिनंही दोन्ही हातांनी पेटी धरली.