जादूगाराची अट

भूपेंद्र पाटील सुरतमधल्या उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये कारकून होता. पंच्याण्णवच्या दिवाळीत मिलच्या शेठचा अमेरिकेहून परतलेला मुलगा खोली आवरत होता. त्यानं रद्दीत टाकलेल्या ढिगात भूपेंद्रला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं, आणि सोबत फाशांची एक पिशवी. त्यातला एक फासा चक्क वीस बाजूंचा होता. पुस्तक एका खेळाचं होतं. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि मोठ्या मोहिमेवर निघायचं. भूपेंद्रनं आठवडाभर रोज थोडं थोडं वाचलं आणि रविवारी दुपारी लिंबायतला भिकनच्या घरी तो खेळ मांडला.

भिकन रिक्षा चालवायचा. त्याची बहीण योगिता घरी बसून साड्यांना लेस लावायची. ती दहावी झालेली होती. तिसरा हिलाल, त्यांचा शेजारी, पस्तिशीचा लूम कारागीर. अमळनेरकडच्या एका खेड्यातून तो पंधरा वर्षांपूर्वी सुरतला आला होता. शाळा चौथीत सुटलेली, मराठी पाटी तो अक्षरं जोडून वाचायचा. इंग्रजी नीट येणारा खरं तर एकटा भूपेंद्रच. त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय ते तो सांगेल तेच.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपला पेशा निवडायचा होता. योद्धा, चोर, पुजारी, जादूगार. एकदा निवडला की मोहीम संपेपर्यंत बदलायचा नाही. भिकननं लगेच चोर घेतला. हिलाल मात्र सगळ्यांची वर्णनं दोन-दोनदा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माले जादूगार पाहिजे. लूमवर बारा तास उभाच राहतो मी. इथं तरी बसून डोक्यानं काही करेन."

भूपेंद्रच्या मनात आलं ते एवढंच, की जादूगाराच्या मंत्रांची आठ पानं आहेत. दर वेळी ह्याला ती कोण वाचून दाखवणार? योगिताला निदान अडखळत का होईना, वाचता येईल.

तो म्हणाला, "हिलालभाऊ, तसं चालत नाही. जादूगार घेणाऱ्याला इंग्रजी वाचता आलं पाहिजे, अशी अट आहे."

"पुस्तकात लिहेल शे?"

भूपेंद्रनं एक पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघा, इथं."

हिलालनं वाकून त्या ओळीकडे नीट पाहिलं. मग मान हलवली आणि योद्धा घेतला. जादूगार योगिताकडे गेला.

मोहीम रंगली. नदीकाठची सात गढ्यांची ती गोष्ट महिनोन् महिने चालली. भिंत फुटली की खिंडारात उभं राहायचं काम योद्ध्याचं, आणि हिलालनं ते मन लावून केलं. योगिता मागून मंत्र टाकायची तेव्हा तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि कधी कधी नुसतेच ओठ हलवायचा. भूपेंद्रला ते दिसायचं. तो फासे गोळा करायला लागायचा.

शहाण्णवच्या श्रावणात भिकननं सहज सांगितलं, की हिलाल पाळी सुटल्यावर मालतीबाईंकडे जातो. मालतीबाई निवृत्त शिक्षिका, वस्तीतल्या बायकांना घरीच इंग्रजी शिकवायच्या. त्या बायकांत हा एकटा बाप्या दाराशी बसायचा. कशासाठी, तर पुढच्या मोहिमेत जादूगार घ्यायचा म्हणून.

भूपेंद्रला वाटलं होतं, थाप मारली आणि संपलं. आता त्या थापेपायी एक माणूस दिवसभर यंत्रापुढे उभा राहून वर तासभर स्पेलिंगं घोकत होता. सांगून टाकावं, असं त्यानं दर रविवारी ठरवलं, आणि दर रविवारी घरी परतताना स्वतःला शिव्या घातल्या. पुढे हिलालनं आठवड्यासाठी पुस्तक मागितलं. भूपेंद्रनं आधी बांधणीला द्यायचंय म्हणून सांगितलं, मग मावसभावाला कबूल केलंय म्हणून. एका खोट्याची तीन झाली.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी तो हिलालच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. हिलाल बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कापसासारखी तूस अडकली होती. दोघं हातगाडीवर चहा प्यायला थांबले आणि भूपेंद्रनं मान खाली घालून सांगितलं, की तशी अट पुस्तकात नव्हतीच. मंत्र वाचून दाखवायचा कंटाळा होता, म्हणून त्यानं ती रचली.

हिलालनं चहा संपवला. मग विचारलं, "मग त्या ओळीत काय होतं, जिथं तू बोट ठेवलं?"

खोटं सांगायची आता सोय नव्हती. "गाढवावर किती ओझं लादता येतं, ते."

हिलाल हसला, अगदी मोकळेपणानं. पण हसता हसता मध्येच थांबला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

भूपेंद्र घाईघाईनं म्हणाला, की येत्या रविवारीच जादूगार तुम्ही घ्या, योगिताला आणि भिकनला मी सगळं सांगतो.

"मोहीम संपल्याशिवाय पेशा बदलत नाही म्हणे. हे तरी लिहिलंय ना?"

"हो. ते खरं आहे."

"मग राहू दे. आणि त्यांना सांगू नको. त्यांना माझी दया येईल, ती मला नको." वर त्यानंच समजूत घातल्यासारखं म्हटलं, "इंग्रजी काही वाया नाही गेलं, भाऊ. आता बसच्या पाट्या वाचतो मी."

त्यानं चार कडक शब्द सुनावले असते तर भूपेंद्रला बरं वाटलं असतं. आता कुणाजवळ बोलून मोकळं व्हायचीही वाट उरली नव्हती. तो खेळात योद्ध्याला सोपं जाईल असं बघू लागला, तेव्हा हिलालनंच एकदा हळूच सांगितलं, "फासा पडला तेवढाच मोज."

मोहीम सत्त्याण्णवच्या दिवाळीला संपली. त्याआधी भूपेंद्रनं मंत्रांची आठही पानं मराठीत उतरवून एका वहीत लिहिली. दोन संध्याकाळी लागल्या, जास्त नाही. वही मिटून त्यानं ती पुस्तकाखाली ठेवली. दोन संध्याकाळींचं काम होतं ते.

दिवाळीनंतर हिलाल जादूगार झाला. वही त्यानं घेतली, पण मंत्र म्हणायचा तो इंग्रजीतून, पुस्तकावर बोट फिरवत, एकेक अक्षर सोडवून. म्हणून झाला की मागे टेकून बसायचा. योगितानं हसून म्हटलं, की माझ्यापेक्षा हेच जादूगार शोभतात. असे चार रविवार गेले. मग त्याच्या शेठनं लूम शहराबाहेर, कामरेजच्या पलीकडे हलवले. कारागिरांना तिथंच खोल्या दिल्या, सुट्टी रविवारऐवजी मधल्या वारी. हिलालचं येणं बंद झालं.

माघात भूपेंद्र एकदा मुद्दाम कामरेजला गेला. हिलालला खूप आनंद झाला. त्यानं खोली दाखवली, शेव-मुरमुरे आणले, गावाकडच्या गोष्टी सांगितल्या. खेळाचं नाव त्यानं काढलं नाही, आणि भूपेंद्रलाही काढता आलं नाही. निघताना हिलाल हायवेपर्यंत सोबत आला. लांबून बस दिसली तशी त्यानं डोळे बारीक करून पुढची पाटी वाचली आणि म्हणाला, "ही नाही तुझी. मागची येऊ दे." आणि मागची येईपर्यंत तो त्याच्याबरोबर उभा राहिला.