ओली पोती

विमान देवाच्या कृपेने हवेत राहत नाही. माझ्या बायकोला, केंदीच्या आईला पुरलं त्या दिवशी पाद्री मात्र कृपेनेच राहतं म्हणाला, आणि मान खाली घालून मुरिउंगीही तेच म्हणाला. पडलेलं विमान त्याचंच होतं.

तेवीस वर्षं मी या मुरुमाच्या धावपट्टीवर वजनकाट्यापाशी उभा आहे. पंख वारा खाली दाबतो, म्हणून वारा पंखाला वर उचलतो. त्यासाठी विमानाला पळावं लागतं. दुपारी हवा तापून पातळ होते, मग आणखी पळावं लागतं. वजन जास्त असलं की धावपट्टी पुरत नाही. पुढे बाभळी आहेत. यात देव कुठे आला?

मिराच्या डहाळ्या उत्तरेकडचे लोक तरतरीसाठी चघळतात, आणि इथून विमानाने तोच माल जातो. कोमेजलेला मिरा कोणी तोंडात घेत नाही, म्हणून पोत्यांवर पाणी ओततात. पोती आधी कोरडी तोलायची, मग भिजवायची, ही आमची पद्धत. विमान बाभळींत पडलं त्या दिवशीही मीच तोलली. आकडा मीच लिहिला. केंदीची आई बहिणीकडे निघाली होती.

"मला नाही तोलणार?" तिने विचारलं.

"तुझं वजन ठाऊक आहे मला," मी म्हणालो. ती हसत चढली.

आज दुपारी मुरिउंगीच्या दुसऱ्या विमानात एक बाई तान्हं बाळ घेऊन तिच्याच जागेवर बसली. मागे पोती ठिबकत होती.

"उतरवा," मी म्हणालो. "पुन्हा तोलायची."

मुरिउंगी हसत आला. "काय झालं, केंदीचे बाबा? पाण्याला कसलं वजन? वाटेत सुकतं ते."

"मग डोक्यावर भरलं पिंप घे आणि पळून दाखव."

हमाल हसले.

"सकाळी तूच तोललंस. कागदावर तुझीच सही आहे."

"त्या दिवशीही माझीच होती."

त्याने आवाज खाली आणला. "दुःखात आहेस. घरी जा, उद्या ये."

मी एक पोतं ओढून काट्यावर टाकलं. कागदावर साठ किलो होते. काटा एकाहत्तरवर गेला.

"हे एक. अशी चौदा आहेत!" मी ओरडलो.

वैमानिक सिमियू खाली उतरला. काट्याकडे बघत राहिला. "मला हे कधी कोणी सांगितलं नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"तीन पोती काढा," तो हमालांना म्हणाला.

"माल सडेल माझा!" मुरिउंगी किंचाळला.

"मग तुम्ही चालवा," सिमियू म्हणाला आणि पोती उतरेपर्यंत दारात उभा राहिला.

विमान बाभळींच्या कितीतरी आधी उठलं. बाळाच्या आईने खिडकीतून हात केला, कोणाला ते कळलं नाही.

तीन पोती. त्या दिवशीही तीनच काढायची होती. मी त्यातल्या एका पोत्याला लाथ मारली. पाणी माझ्याच बुटात गेलं.