साळिंदराचं टपाल

इस्त्रीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की मावशीकडे दोन विद्वान जमत. विद्वान हा मावशीचाच शब्द, आणि तोही तोंड वाकडं करून म्हटलेला. एक दातांचे डॉक्टर, दुसरा बसचा ड्रायव्हर. दोघांची डोकी पिकलेली, आणि भांडण कशावरून, तर कार्टूनच्या चित्रपटांवरून. कार्टून म्हटलेलं डॉक्टरांना खपत नसे. ॲनिमेशन म्हणायचं.

मावशीलाही या चित्रपटांचं वेड होतं, नाहीतर तिने यांना केव्हाच वाफ दाखवली असती. पण तिघांच्या या मंडळाने एक नियम करून ठेवला होता. चित्रपट चांगला ठरायचा तर तिघांनी हो म्हणायचं. एकाने जरी नाक मुरडलं तरी तो बाद. मुरडायला नाकं तयारच असल्यामुळे आजवर एकही चित्रपट पास झाला नव्हता.

डॉक्टरांचं मत ठरलेलं असे. पहिला भाग तेवढा बरा, पुढचे सगळे कचरा. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे ते दाढ काढताना पेशंटलाही ऐकवत. ड्रायव्हरचं नेमकं उलट. पहिल्या भागात नुसती ओळखपाळख होते, खरी गंमत दुसऱ्यात, असं तो म्हणे. पहिल्या थांब्यावर उतरणाऱ्या माणसाला प्रवास काय कळणार, हे त्याचं नेहमीचं वाक्य.

त्या संध्याकाळी मावशीच्या चुलत दिराचा फोन आला. गावातलं थिएटर त्याचं होतं. रविवारी दुपारी पडदा रिकामा आहे, तुमच्या मंडळाला हवा तो चित्रपट लावतो, पण नाव आजच कळवा, नाहीतर गाद्यांच्या सेलवाल्याला हॉल देऊन टाकतो, असं तो म्हणाला.

मावशीला हवा होता 'साळिंदराचं टपाल'. टपाल वाटणारं साळिंदर, पत्रं काट्यांत खोचून दारोदार फिरणारं. सगळे त्याची वाट बघतात, पण जवळ कुणी घेत नाही. दुकानातल्या टीव्हीवर तिने तो कितीदा तरी लावला होता, पण नेमकं काहीतरी व्हायला लागलं की कुणीतरी शर्ट घेऊन दारात उभं. एका बैठकीत, मोठ्या पडद्यावर, हातात इस्त्री नसताना तो बघायचा, एवढीच तिची इच्छा.

तिने नाव काढलं मात्र, डॉक्टर हसले. पहिला भाग असला तरी रडकं आहे, म्हणाले. त्यांनी दुसरं सुचवलं, ते ड्रायव्हरने झोपाळू म्हणून उडवलं. ड्रायव्हरने साळिंदराचा दुसरा भाग काढला, तो समुद्रावरचा. त्यावर डॉक्टरांनी कानाला हात लावले. एकेक नाव बाद होत गेलं. मावशी कॉलर दाबत ऐकत होती. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण या दोघांना आवडतीचंही अळणीच लागत होतं.

शेवटी एकमत झालं, ते साळिंदराच्या तिसऱ्या भागावर, ज्यात ते चंद्रावर जातं. तो इतका टाकाऊ की तिघांनाही मान्य. मग तोच लावू, डॉक्टर खुशीत म्हणाले, निदान मनसोक्त हसता तरी येईल.

मावशीने इस्त्री उभी केली आणि फोन उचलला.

"भाऊजी, पहिला भाग लावा. साळिंदराचा."

"अहो मावशी, नियम आहे ना आपला," ड्रायव्हर म्हणाला.

"नियम माणसांचा असतो रे. तुम्ही दोघं नुसती नाकं आहात."

डॉक्टरांनी इस्त्रीला दिलेला आपला कोट उचलला. तो अजून ओला होता, तरी उचलला.

रविवारी मात्र दोघंही हजर. फुकटचा चित्रपट सोडला, तर मग शिव्या कशाला द्यायच्या? मावशी मधल्या रांगेत बसली, तर हे बरोबर तिच्या मागे. साळिंदर पहिल्या दारापाशी पोचायच्या आतच डॉक्टरांनी सुरुवात केली. चित्रं सपाट आहेत, गाणं लांबलंय. त्या लांबड्या गाण्यात मावशीला पान्हा फुटल्यासारखं होत होतं, आणि मागून डॉक्टर जांभई देत होते. ती उठून दोन रांगा पुढे गेली. तिथेही डॉक्टरांचा आवाज आला, आणि या वेळी स्पष्ट.

"याच्यापेक्षा दुसरा भाग परवडला."

ड्रायव्हर खुर्चीतून उठलाच. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पुन्हा म्हणा, तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, मी तसं म्हटलंच नाही. म्हटलंत. नाही म्हटलं. बाहेर चला, बघू. मग दोघं एकमेकांच्या बाह्या धरून बाहेर गेले आणि दाराबाहेर त्यांची जुंपली.

दीर अंधारातून वाकून जवळ आला. "वहिनी, शेवट आलाय. बोलावू का त्यांना?"

"राहू द्या. त्यांना शेवट नकोच असतो."

पडद्यावर पाऊस थांबला होता. सगळी पत्रं वाटून साळिंदर मोकळं झालं होतं, आणि एका दारातून एक म्हातारी जाड गोधडी घेऊन त्याच्याकडे येत होती.