हलकं दूध, जड दूध

युद्ध आलं तर लपायला इथे इस्रायलमध्ये इमारतीखाली तळघर असतं, त्याला मिक्लात म्हणतात. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बेर्शेबातल्या आमच्या मिक्लातमध्ये अशी गर्दी उसळली की युद्धातसुद्धा उसळली नसती. सगळ्या पोटुश्या बाया! बरोबर त्यांच्या आया, सासवा. नवरे बाहेर जिन्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले. सालींचा ढीग घोट्यापर्यंत आला होता. कमरेपर्यंत म्हणणार होतो, पण आज खरं सांगायचं ठरवलंय.

आत पांढऱ्या झग्यात बाबा रफाएल.

"बायांनो, दूध दोन जातीचं!" तो गर्जायचा. "जड दूध बाळाच्या हाडात उतरतं. हलकं दूध ढेकरेबरोबर उडून जातं. पाणी खोटं बोलत नाही!"

नवव्या महिन्यातली बाई पडद्याआड जाऊन चमच्यात थेंब आणायची. बाबा निळ्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतून त्यावर थेंब सोडायचा. थेंब वरच्या वर पसरून तरंगायचा. "हलकं!" बाईचा चेहरा उतरायचा. जिला थेंबच येत नसे, ती तर "कोरडी विहीर!" मग बाबाकडचा विकतचा ताईत. आठवडाभर ताईत बांधून आलेल्या बाईसाठी पांढरी सुरई. आता थेंब धुरासारखा सरळ तळाला. "जड!" आणि सासवा डोळे पुसून बाबाचा हात चुंबायच्या.

माझी नात अदवा तिथून रडतच वर आली. तिचा थेंब तरंगला होता. शिवाय बाबाने बजावलेलं, "पहिलं पिवळं दूध नजर लागलेलं असतं, पिळून फेक. बाळाला बाटलीच दे."

"अगं, तो चीक," मी म्हटलं. "तुझी आई त्याच्यावरच—"

"सबा, दाय! आजोबा, पुरे! तू म्हणे तिकडे कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर मगरीला गाणं शिकवलंस. तुझं कोण ऐकणार?"

बोलणं खरं होतं. मगरीचा सूर जरा लागत नव्हता, एवढंच. पण जन्मभर थापा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या थापेचा वास लांबून येतो. मला त्या दोन सुरया खटकत होत्या. नळ एक, मग निळी कशाला आणि पांढरी कशाला?

मी टिपात हालाव गाठलं. हा आई-बाळाचा दवाखाना. तिथली नर्स शोशाना गरोदर बायकांना अंगावर पाजायचं आधीच शिकवून ठेवायची. त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या. टेबलावर लोकरीची गुलाबी टोपी दिसली, ती मी सहज डोक्यावर चढवली.

"बेनीअंकल, काढा ते! तो स्तन आहे. बाळाने कसा तोंडात धरायचा ते दाखवायला विणलाय."

माझे कान टोपीपेक्षा गुलाबी झाले. पण दोन सुरयांची हकिगत ऐकताच शोशानाचं हसू थांबलं.

"मला तिकडे घेऊन चला. अदवालाही आणा."

पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांदेखत दुकानातली दुधाची पिशवी कापली. "बाबा, हे दूध तपासा."

"आता गाईच्या गळ्यात ताईत बांधू?" रफाएलने बायांना हसवलं.

शोशानाने तेवढ्यात एका पेल्यात निळ्या सुरईतलं पाणी ओतलं, दुसऱ्यात पांढऱ्या सुरईतलं. एकाच पिशवीतला थेंब इकडे तरंगला, तिकडे बुडाला.

"गाय एक, पिशवी एक," ती म्हणाली. "मग बदललं काय? दूध की पाणी?"

"तुझीच नजर लागली पाण्याला!" रफाएलने निळ्या सुरईवर झडप घातली. पण त्या पाण्याचा पेला अदवाने आधीच उचलला होता. तिने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"मेलाख! सबा, मीठ आहे यात! नुसतं मीठ!"

"मिठाचं पाणी जड, दूध त्याच्यापुढे हलकं, म्हणून तरंगतं," शोशाना म्हणाली. "तुम्ही दरसाल बस करून मृत समुद्रावर जाता ना? सुझॅनआंटी, तिथे तुम्ही पाठीवर पडून पेपर वाचता. तुम्ही काय हलक्या?"

सुझॅनआंटी खुर्चीत मावत नाहीत. मिक्लात हसण्याने हादरलं. आंटी मात्र हसल्या नाहीत. "मेल्या, माझ्या सुनेला रडवलंस तू!" म्हणत त्या उठल्या, आणि बाबा झगा आवरत मागच्या दाराने पसार झाला.

अदवा जागची हलली नव्हती. "म्हणजे माझं दूध चांगलं आहे?"

"तुझं दूध तुझ्या बाळासाठीच तयार होतंय," शोशाना तिच्याजवळ बसली. बाया आपोआप भोवती सरकल्या. "आधी थेंब आला नाही तरी बिघडत नाही. पिवळा चीक थोडाच असतो, कारण पोटही चिमुकलंच. त्यात रोगाशी लढायची ताकद असते, तो फेकायचा नाही. भरपूर दूध दोन-चार दिवसांनी उतरतं. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. दुखलं, जमलं नाही, तर मला हाक मारा. बाळाचं वजन करू, त्यावरून कळेल."

अदवाला मुलगी झाली. पहिल्याच तासात शोशानाने सांगितलेलं आठवत तिने पोरीला छातीशी धरलं. पोर सुटली, चिडली, परत लागली. मग घुटका गिळल्याचा बारीक आवाज आला, आणि अदवाने माझ्याकडे बघून मान हलवली.

लोकहो, पहिलटकरीण आधीच घाबरलेली असते, आणि घाबरलेल्याच्या दारात ठग सर्वांत आधी पोचतो. त्याच्या आधी शिकवणाऱ्याने पोचायला हवं. तुमच्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर तिला आजच नर्सकडे न्या. आणि कुणी आईच्या दुधात खोट काढली, तर देव-दैव बाजूला ठेवून एवढंच म्हणा, "हीच परीक्षा माझ्या घरच्या पाण्यात करून दाखव."