साबणाने धुतलेला मॅग्नेट

"काका, परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलंय. त्यांनी माझा प्रयोग तीनदा करून पाहिला, काहीच होत नाही म्हणे," ताई म्हणाली आणि माझ्या हातातला ट्रे एकदम जड झाला.

ताई आमच्या रसायनशास्त्र विभागात पीएच.डी. करते. मी तिथला भांडी धुणारा. काचेचे फ्लास्क, नळ्या, आणि द्रावण ढवळायला आत टाकतात ते बोटाच्या पेराएवढे पांढरे मॅग्नेट. ज्या अभिक्रियेला सगळं जग महागडा, विषारी धातू वापरतं, ती ताई नुसत्या पाण्यात, धातूशिवाय करून दाखवायची. शोधनिबंधाचा मसुदा इंटरनेटवर आधीच आला होता, पुढच्या आठवड्यात तो छापून येणार होता. पाच वर्षांत तिचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी धावायलाही लागली. ताई मात्र त्याच टेबलापाशी.

"तुमचा मॅग्नेट बघू जरा," मी म्हणालो.

टोकाला काळपट डाग होता. हा मॅग्नेट पूर्वी पलीकडच्या टेबलावर धातूच्याच प्रयोगांत असायचा. धातू चिकटून राहतो, म्हणून मॅग्नेट जहाल आम्लात बुडवायचे असा नियम. पण दोन वर्षांपूर्वी ते आम्ल मनगटावर उडालं आणि माझी हिंमतच गेली. तेव्हापासून नुसता साबण. कुणी "आम्लात बुडवले ना?" विचारलं की मान हलवायची. ताईला पहिलं यश आलं ते त्यानंतरच; म्हणजे तिची अभिक्रिया घडवत होता तो हा चिकटलेला धातूच असणार. माझ्यासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही.

गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. निवृत्तीला सातच महिने उरले होते. पण तिचा चेहरा बघवेना. सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "नवा मॅग्नेट आहे?" एवढंच विचारलं.

शेजारीशेजारी दोन फ्लास्क लावले. एकात जुना मॅग्नेट, दुसऱ्यात कोरा. चार तास थांबायचं होतं. मी एकच नळी तीनदा धुतली, डबा उघडून तसाच बंद केला. देवा, नव्यातही होऊ दे, एवढंच चाललं होतं मनात.

चार वाजता तिने दोन्हींतला थेंब थेंब तपासणीच्या पट्टीवर टेकवला आणि पट्टी दिव्याखाली धरली. जुन्याचा ठिपका ठसठशीत, म्हणजे अभिक्रिया झालेली. नव्याच्या जागी काहीच नाही.

"अजून थोडा वेळ ठेवू या का?" मी म्हणालो.

"आठवडाभर ठेवलं तरी नाही व्हायचं, काका."

ती पट्टी घेऊन तडक आपल्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो.

"निबंध मागे घ्यायचा? शुद्धीवर आहेस ना?" सर उसळले. तिने सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. सरांनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "तुझे मॅग्नेट कोण धुतं?"

मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"मीच, सर. माझी भांडी मीच धुते," ताई म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

परत येऊन मी नळ सोडला. लाज वाटत होती. थोड्या वेळाने ताई आली, निबंध मागे घेत असल्याचं पत्र पाठवून. डोळे लाल होते. तिने बाह्या वर केल्या, आपले दोन्ही फ्लास्क उचलले आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"सरका थोडं, काका."

मी सरकलो.